मानसिक संकटाच्या वेळी पोलीस: प्रशिक्षणात काय शिकवतात आणि कुटुंबाने काय जाणून घ्यावे

घरातील एखादी व्यक्ती रात्रभर झोपत नाही, भिंतीशी बोलते, दार लावून घेते, स्वतःला संपवण्याची भाषा करते किंवा हातात वस्तू घेऊन अंगावर धावून येते. अशा वेळी नातेवाईक एका प्रश्नापाशी अडकतात: पोलिसांना बोलवावे का? बोलावले तर मारहाण होईल, कोठडीत टाकतील, आळीत बोभाटा होईल ही भीती असते. न बोलावले तर काही विपरीत घडेल ही धास्ती असते.

अशा प्रसंगासाठी पोलिसांना काय शिकवले जाते, भारतातील कायदा त्यांच्यावर कोणती जबाबदारी टाकतो आणि कुटुंब स्वतः काय करू शकते, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

- तीव्र मानसिक संकट ही वैद्यकीय आणीबाणी आहे. तो गुन्हा नाही.
- पोलीस प्रशिक्षणाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: घाई करू नका, अंतर ठेवा, बोला आणि रुग्णालयात पोहोचवा.
- मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अशा व्यक्तीला पोलीस ‘संरक्षणात’ घेतात. संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.
- अचानक झालेल्या बदलामागे रक्तातील साखर कमी होणे, डोक्याला मार लागणे, दारू अचानक बंद होणे अशी शारीरिक कारणेही असू शकतात.

मानसिक संकट म्हणजे काय?

विचार, भावना किंवा वागणे इतके बिघडते की त्या व्यक्तीच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका निर्माण होतो, किंवा ती स्वतःची किमान काळजीही घेऊ शकत नाही, त्या अवस्थेला मानसिक संकट म्हणतात. स्किझोफ्रेनियामधील भास आणि संशय, बायपोलर आजारातील उन्माद, तीव्र नैराश्यातील आत्महत्येचे विचार, व्यसन आणि मोठा आघात ही त्याची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

मानसिक आजार असलेले बहुतेक लोक हिंसक नसतात. उलट तेच मारहाण, फसवणूक आणि अत्याचाराला अधिक बळी पडतात. संकटाच्या क्षणी दिसणारा आक्रमकपणा बऱ्याचदा भीतीतून आलेला असतो.

पोलिसांना वेगळे प्रशिक्षण का लागते?

पोलिसांचे नेहमीचे प्रशिक्षण गुन्हेगाराला आवरण्यासाठी असते: मोठ्या आवाजात हुकूम द्या, लवकर जवळ जा, ताबा घ्या. भान असलेला माणूस अशा हुकमाला बहुधा प्रतिसाद देतो. पण ज्याच्या कानात सतत आवाज येत आहेत, त्याला तीन माणसांनी एकाच वेळी ओरडून दिलेल्या सूचना समजतच नाहीत. त्याने सूचना पाळली नाही की ते उद्धटपणाचे वाटते, मग बळ वापरले जाते आणि प्रकरण हाताबाहेर जाते.

‘लोक मला मारायला येणार आहेत’ असा पक्का भ्रम असलेल्या व्यक्तीच्या दारात सायरन वाजवत गाडी आली आणि गणवेशातील माणसे आत घुसली, तर तिच्या दृष्टीने भ्रम खराच ठरतो. ती पळेल किंवा स्वतःच्या बचावासाठी हल्ला करेल. म्हणून अशा प्रसंगी नेहमीची पद्धत बाजूला ठेवावी लागते, आणि ते मुद्दाम शिकवावे लागते.

मेम्फिसपासून सुरू झालेली पद्धत

या प्रशिक्षणाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना अमेरिकेतील मेम्फिस शहरातून आला. १९८७ मध्ये तेथे मानसिक आजार असलेला, हातात चाकू असलेला एक २७ वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्यावर शहरात मोठा संताप उसळला. त्यानंतर पोलीस, मानसिक आरोग्य क्षेत्रातील तज्ज्ञ, विद्यापीठे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना एकत्र आली आणि १९८८ मध्ये ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ म्हणजे सीआयटी ही पद्धत सुरू झाली. पुढे ती अमेरिकेतील अनेक शहरांनी आणि इतर देशांनीही स्वीकारली.

या पद्धतीचे तीन भाग आहेत.

१. गस्तीवरील जे अधिकारी स्वतःहून तयार असतात, त्यांच्यातून निवड करून सुमारे ४० तासांचे प्रशिक्षण देणे.

२. आणीबाणीचे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही शिकवणे, म्हणजे प्रशिक्षित अधिकारीच त्या ठिकाणी पाठवला जाईल.

३. रुग्णाला ताबडतोब स्वीकारणारे ठरलेले रुग्णालय असणे. पोलिसांना तासन्‌तास ताटकळत बसावे लागले, तर पुढच्या वेळी ते रुग्णालयाऐवजी कोठडीचा सोपा रस्ता धरतील, हे ओळखून ही सोय केली गेली.

प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात?

वर्गात आजारांची लक्षणे, औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम, व्यसन, आत्महत्येचा धोका आणि कायदा हे विषय असतात. अधिकाऱ्यांची रुग्णांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी भेट घडवतात. आजारातून सावरलेली व्यक्ती समोर बसून ‘त्या रात्री मला काय वाटत होते’ हे सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याची नजर बदलते. सर्वांत जास्त भर प्रसंग उभे करून केलेल्या सरावावर असतो. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

- वेळ आणि अंतर: तातडीचा धोका नसेल तर थांबायचे. सायरन आणि झगझगीत दिवे बंद, बघ्यांना दूर करायचे. अंगावर जायचे नाही आणि बाहेर जाण्याची वाट अडवून उभे राहायचे नाही.
- एकानेच बोलणे: हळू आवाज, छोटी वाक्ये, नावाने हाक. एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची.
- भ्रमावर वाद नाही आणि होकारही नाही: “तुम्हाला आवाज ऐकू येतात हे मला कळले. मला ते ऐकू येत नाहीत, पण तुम्हाला त्याचा किती त्रास होतोय हे दिसतंय,” असे बोलायचे.
- आत्महत्येबद्दल थेट विचारणे: “जीव द्यावासा वाटतोय का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो.
- लहान लहान पर्याय देणे: पाणी हवे का, सोबत आई येईल की दादा? यामुळे आपल्या हातात काहीतरी आहे असे त्या व्यक्तीला वाटते.
- खोटे न बोलणे: ‘फिरायला जाऊ’ म्हणून रुग्णालयात नेले, तर पुढच्या वेळी ती व्यक्ती कोणावरच विश्वास ठेवत नाही.
- बळ शेवटी आणि कमीत कमी: पालथे पाडून पाठीवर गुडघा किंवा वजन देणे जिवावर बेतू शकते, कारण छातीला श्वासासाठी जागाच राहत नाही.

यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट घरच्यांनाही पोलीस येण्यापूर्वी करता येते.

याचा उपयोग होतो का?

प्रशिक्षणानंतर अधिकाऱ्यांची आजाराविषयीची समज वाढते, रुग्णांबद्दलचे गैरसमज कमी होतात आणि बोलून प्रश्न सोडवण्याचा आत्मविश्वास येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र केवळ वर्ग घेतल्याने जखमी होणाऱ्यांची किंवा मृत्यूंची संख्या घटते, हे तितक्या ठामपणे सिद्ध झालेले नाही. प्रशिक्षित अधिकारी वेळेवर पोहोचणे आणि पुढे रुग्णालयाचे दार उघडे असणे, या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

काही ठिकाणी याच्याही पुढे विचार झाला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील युजीन शहरात १९८९ मध्ये ‘कॅहूट्स’ हा उपक्रम सुरू झाला. शस्त्र किंवा हिंसा नसलेल्या प्रसंगी पोलिसांऐवजी आरोग्य कर्मचारी आणि संकटात मदत करणारा प्रशिक्षित कार्यकर्ता अशी जोडी पाठवायची, ही त्यामागची कल्पना होती.

भारतात कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ देशात २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३० नुसार पोलीस अधिकाऱ्यांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचे ठरावीक काळाने प्रशिक्षण देणे ही सरकारची जबाबदारी आहे. तरीही तुमच्या दारात येणारा अंमलदार प्रशिक्षित असेलच, असे धरून चालू नका. म्हणून पुढील तरतुदी कुटुंबाला माहीत असणे उपयोगाचे ठरते.

कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या, किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या आणि भटकत असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यानंतर:

- का संरक्षणात घेतले, हे त्या व्यक्तीला सांगावे लागते. तिला समजणे कठीण असेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगावे लागते.
- शक्य तितक्या लवकर, आणि २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे लागते.
- पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.
- दाखल करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर पोलिसांनी तिला घरी सोडायचे असते. बेघर असेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात न्यायचे असते.
- भटकत सापडलेल्या किंवा बेघर व्यक्तीबाबत हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम आहे.

कलम १०१ नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा घरात छळ होत असेल किंवा तिची हेळसांड होत असेल, तर पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. अशी माहिती कोणीही पोलिसांना देऊ शकते. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

आधी शरीराकडे पाहा

डॉक्टर म्हणून हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पुढील गोष्टींकडे ‘वेड लागले’ किंवा ‘दारू चढली’ म्हणून दुर्लक्ष होते आणि उपचारांची वेळ निघून जाते:

- इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, असंबद्ध बोलणे किंवा चिडचिड: रक्तातील साखर लगेच तपासा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या.
- रोज दारू पिणाऱ्याने ती बंद केल्यावर दोन-चार दिवसांत हात थरथरणे, भास, ताप, झटके: हे जीवघेणे ठरू शकते.
- ताप आणि मान आखडणे, डोक्याला मार, आकडी येऊन गेल्यावरचा गोंधळ, बोलण्यात किंवा चेहऱ्यात अचानक वाकडेपणा.
- वृद्ध व्यक्तीत एक-दोन दिवसांत सुरू झालेला आणि कमी-जास्त होणारा गोंधळ: यामागे बहुधा जंतुसंसर्ग, क्षारांचा बिघाड किंवा औषधाचा परिणाम असतो.

पूर्वी कधीही मानसिक आजार नसलेल्या व्यक्तीचे वागणे अचानक बदलले, तर आधी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

कोणाला फोन करावा?

११२: हातात शस्त्र आहे, कोणाला मारहाण होत आहे, व्यक्ती गच्चीच्या कठड्यावर किंवा विहिरीच्या काठावर आहे, किंवा धोक्याच्या अवस्थेत घरातून निघून गेली आहे, तर वेळ घालवू नका.

१०८: विष किंवा जास्त गोळ्या घेतल्या आहेत, जखम आहे, शुद्ध हरपत आहे किंवा वरील शारीरिक लक्षणे आहेत, तर रुग्णवाहिका बोलवा.

१४४१६: ही ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. ती २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते. लगेच जिवाला धोका नाही, पण काय करावे हे सुचत नाही, अशा वेळी येथे बोला.

फोनवर काय सांगावे?

“घरात भांडण चालू आहे” असे सांगितले, तर पोलीस भांडण मिटवण्याच्या तयारीने येतात. आजार आधी सांगा. उदाहरणार्थ:

“माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पंधरा दिवसांपासून औषधे बंद आहेत. तो आता स्वयंपाकघरात आहे, हातात सुरी आहे, पण अजून कोणाला इजा केलेली नाही. त्याला गणवेशाची भीती वाटते. कृपया सायरन न वाजवता या. मी खाली दाराशी थांबतो. त्याला रुग्णालयात न्यायचे आहे.”

शस्त्र असेल तर लपवू नका आणि नसेल तर वाढवून सांगू नका. पोलीस लवकर यावेत म्हणून सांगितलेली एक अतिशयोक्ती तुमच्याच माणसाच्या जिवावर बेतू शकते.

पोलीस येईपर्यंत आणि आल्यावर

- लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी पाठवा. शक्य असेल तर विळी, सुरी, कीटकनाशक आणि गोळ्या दूर करा. मात्र हातातील वस्तू हिसकावू नका.
- चहात किंवा जेवणात गुपचूप झोपेची गोळी घालू नका. किती औषध पोटात गेले हे डॉक्टरांना कळत नाही, श्वास मंदावू शकतो आणि विश्वास तुटतो तो वेगळाच.
- पोलिसांना बाहेरच भेटा. आजाराचे नाव, औषधे, कशाने चिडतो, कोणाचे ऐकतो हे दोन मिनिटांत सांगा. जुना औषधांचा कागद दाखवा.
- रुग्णाचे ज्याच्याशी पटते त्या एकानेच बोलावे, बाकीच्यांनी मागे राहावे.
- पोलिसांशी नम्रपणे पण स्पष्ट बोला: “साहेब, हा मानसिक आजाराचा रुग्ण आहे. कलम १०० खाली त्याला सरकारी रुग्णालयात न्यायला मदत करा.”
- वाहनात त्याला बसवून किंवा कुशीवर ठेवून न्या, पालथे नाही. ओळखीचा माणूस शेजारी असू द्या. वाटेत बळजबरीने पाणी किंवा गोळी देऊ नका.
- शेजाऱ्यांना चित्रफीत काढू देऊ नका. ती पुढे अनेक वर्षे त्या व्यक्तीचा पाठलाग करते.

रुग्णालयात काय होते?

तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळचे असेल. जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ नुसार आपत्कालीन उपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. हे उपचार ७२ तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतच देता येतात. विजेचे उपचार या तरतुदीखाली देता येत नाहीत.

पुढील उपचारांसाठी महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे सरकारी मनोरुग्ण संस्था आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाखल करण्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो का?
प्रत्येक वेळी नाही. रुग्ण स्वतः तयार असेल तर तो स्वतःच दाखल होऊ शकतो. तयार नसेल आणि आजार गंभीर असेल, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे गेले, तर ते तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होईल का?
कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिला काळजी व उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे. पोलीस केसच्या भीतीने विष घेतलेल्या माणसाला रुग्णालयात नेण्यास उशीर करू नका.

पोलीस ऐकत नसतील तर?
त्याच वेळी वाद घालून वातावरण तापवू नका. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांशी बोला, वेळ आणि नावे लिहून ठेवा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते.

आमचा मुलगा परदेशात आहे, तिथे काय?
अमेरिकेत मानसिक संकटासाठी ९८८ हा क्रमांक आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९११ वर फोन करून सीआयटी प्रशिक्षित अधिकारी मागता येतो. ब्रिटनमध्ये तातडीच्या धोक्यात ९९९, तर इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्यासाठी १११ वर फोन करून दुसरा पर्याय निवडावा.

बरे असतानाच करून ठेवा

संकटाच्या रात्री कागद सापडत नाहीत. रुग्ण शांत आणि बरा असतानाच त्याच्याशी बसून पुढील गोष्टी करा:

- नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे रुग्णाने साध्या कागदावर लिहून सही करावी (कलम १४).
- आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचा आगाऊ निर्देश करता येतो (कलम ५).
- एका पानावर आजार, औषधे, डोस, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, जवळचे सरकारी रुग्णालय आणि शांत करणाऱ्या गोष्टी लिहा. त्याचा फोटो दोघा-तिघा नातेवाईकांच्या मोबाइलमध्ये ठेवा.
- झोप कमी होणे, औषध नाकारणे, संशय वाढणे ही त्या व्यक्तीची धोक्याची लक्षणे ओळखून ठेवा. ती दिसताच डॉक्टरांना भेटा. त्या टप्प्यावर बहुतेक वेळा पोलिसांची गरजच पडत नाही.

पोलिसांना बोलवावे लागले म्हणून आपण आपल्या माणसाशी वैर केले असे समजू नका. संकट ओसरल्यावर त्याच्याजवळ बसा, त्या रात्री काय झाले आणि का बोलवावे लागले ते सांगा, त्याला काय वाटले ते ऐका आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायचे ते त्याच पानावर लिहून ठेवा.